माझ्या पलटणीतल्या बाया

मामाने नागपूरहून पाठवलेला जुना कॉम्प्युटर आमच्या घरी आला तो तांदळाच्या दोन रिकाम्या कट्ट्यांत गुंडाळून, एसटीच्या मागच्या सीटवर बसून. बाबांनी तो बसस्टँडवर उतरवून घेतला, हातगाडीवर ठेवला आणि वर एक हात धरून, तापाने फणफणलेल्या लेकराला आणावं तसा हळूहळू घरी आणला. बाबा हायस्कूलमध्ये क्लार्क होते. पोरगी अकरावी सायन्सला आहे, तिला कॉम्प्युटर आला पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात. पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली टेबल होतं, चांगला प्लगपॉइंटही तिथेच, म्हणून तीच त्याची जागा ठरली. संध्याकाळी बाबांनी तसबिरीसमोर मेणबत्ती लावली तेव्हा मॉनिटरच्या काचेत तिची ज्योत दिसली आणि आम्ही तिघंही उगीचच हसलो.

आमचं घर लाखनीच्या टोकाला. पुढून हायवे, मागून धानाच्या बांध्या, पाणी साठवणारी भातखाचरं. भरलेला ट्रक गेला की मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या, आणि पावसाळ्यात मागच्या अंगाने बेडकांचा असा गलका चालायचा की जेवताना एकमेकांना भात मागायचा तर ओरडून मागावा लागे. माय धानाच्या रोवण्याची टोळी चालवायची. वीस-बावीस बाया. सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली दाराशी आली की माय ओसरीवर उभी राहून एकेकीचं नाव हाकारायची, आणि ट्रॉलीतून "हो वो शकुनबाई" असे आवाज यायचे. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवून ती परतायची तेव्हा तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असायची. गरम भात, लाखोरीची डाळ, तरोट्याची भाजी, कधी वांग्यात टाकलेले झिंगे. जेवताना माय घास हातात धरून अर्धा मिनिट नुसती बसून राहायची. ते तिचं विश्रांती घेणं होतं, हे मला फार पुढे कळलं.

गावात मेश्राम सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर. खाली खताच्या बॅगा आणि वर आम्ही, त्यामुळे आजही कुठे युरियाचा वास आला की माझी बोटं कीबोर्ड शोधतात. सरांच्या मशीनवर एक लढाईचा गेम होता. पोरं ज्या गोळीबाराच्या गेमवर तुटून पडायची तसला तो नव्हता. त्या गेममध्ये एकटा माणूस बंदूक घेऊन धावतो, शंभरांना मारतो, स्वतः मेला तर पुन्हा उठतो. मला तो पाच मिनिटांत कंटाळवाणा झाला होता. हा वेगळा होता. वरून दिसणारं एक परदेशी गाव, नदी, पूल, दगडी कुंपणं, मागच्या महायुद्धाचा काळ. तुमच्या हाताखाली तीस-चाळीस सैनिक. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाजवळ किती गोळ्या उरल्या ते लिहिलेलं, आणि खाली बारीक अक्षरांत त्याची अवस्था. मी डिक्शनरी घेऊन बसायची आणि एकेक शब्द लावायची. थकलेला. घाबरलेला. जखमी. हुकूम ऐकत नाही.

हुकूम ऐकत नाही! हे वाचलं त्या दिवशी मी खुर्चीतून अर्धी उठलेच. गेममधला माणूस, आणि तो मी सांगितलेलं ऐकत नाही? मी त्याला मैदान ओलांडायला सांगितलं होतं, समोरच्या खिडकीतून गोळ्या येत होत्या, आणि तो मधोमध जमिनीला चिकटून पडला होता. मी कितीही वेळा क्लिक केलं तरी डोकं वर काढेना. आणि मला कळलं की याच्या जागी मी असते तर मीही काढलं नसतं. त्या गेमचा नाद मला लागला तो तिथे. भिंतीच्या आडून पाहिलं तर पलीकडचं दिसायचं नाही, टेकडीवर चढलं तर दिसायचं. गोळ्या संपायच्या. पळालेला माणूस श्वास खायला थांबायचा. पन्नास पावलं सरपटत जाऊन एक माणूस कुंपणाला लागला, की माझ्या छातीत ढोल वाजायचा. इतर गेममध्ये शंभर मारून जे वाटलं नव्हतं ते इथे एकाला नुसतं पोचवून वाटायचं.

पण मी हरायची. रोज. सरांनी सीडीवर गेम उतरवून दिला, तो मी घरच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि घरीही हरू लागले. एका संध्याकाळी माय भात कालवत मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर माझा एक सैनिक रायफल टाकून शेतातून उलटा पळत होता.

"हा कोन पळून राहिला?" मायने विचारलं.

"माझाच मानूस. डरला."

"एकटाच धाडला होता का?"

"हो. पाहून ये म्हटलं होतं."

"नवा हाये?"

मी त्याच्यावर क्लिक करून पाहिलं. खरंच नवा होता, अनुभवाच्या रकान्यात काहीच नव्हतं. माय म्हणाली, "मंग पळनारच. नव्या बाईले आपन एकटीले बांधीत उतरवतो का? दोन जुन्या बायांच्या मंधात ठेवतो. इकडून एक, तिकडून एक. तिचा हात आपोआप चालते. अन हे बाकीचे काहून उनात उभे करून ठेवले?"

"ते हुकमाची वाट पाहून राहिले, माय."

"उभ्यानं वाट पाहाले लावली तं अर्धे इथंच थकले. बसव त्याहिले."

मी बसवलं. दुसऱ्या दिवशी नव्या माणसाला दोन जुन्यांच्या मधे ठेवलं आणि तो पळाला नाही. मला त्या वेळी झालेला आनंद मी आज कशाशी तोलू? बारावीचा निकाल, नोकरीची ऑर्डर, काहीच जुळत नाही. मी स्वयंपाकघरात धावत गेले आणि मायला हाताला धरून ओढत आणलं. त्यानंतर रोज जेवताना ती माझ्या मागे बसायची आणि एकेक गोष्ट सांगायची. ओळीची दोन टोकं पुढे जाऊ द्यायची नाहीत, मधल्या बाया मागे पडल्या की ओळ तुटते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकणारी बाई आळशी असली तर बावीस जणी हात चोळत उभ्या राहतात, म्हणून त्या कामावर सगळ्यात शहाणी बाई. मी माझ्या सगळ्यात अनुभवी माणसाला गोळ्यांच्या पेट्या पोचवायला लावलं. पोरं क्लासमध्ये हसली. मग मी जिंकलेल्या लढाईत दोनदा लागोपाठ हरली आणि हसायची थांबली.

आता मी एका मोठ्या दवाखान्यात नर्सांच्या ड्युट्या लावते. केस पांढरे व्हायला लागलेत. नवी पोरगी आली की तिला पहिला महिनाभर दोन जुन्यांच्या मधे ठेवते, आणि कुणी विचारलं की हे कुठे शिकलात, तर काय सांगावं ते सुचत नाही.

त्या गेममध्ये सैनिकांची नावं बदलता यायची. ती परदेशी नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी एका दुपारी सगळी खोडली आणि मायच्या टोळीतल्या बायांची टाकली. कौसल्या, रत्नमाला, सुमन, दुर्गी, कांता. पेट्या पोचवणारी कौसल्या, कारण पेंढ्या तीच फेकायची. टेहळणीला इंदू. इंदू टोळीत सगळ्यात नवी आणि वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. सासरी फार मारत होते म्हणून ती माहेरी परतली होती, आणि कोणी हाक मारली तरी आधी खाली पाहायची. टेहळणीला असाच माणूस लागतो, जो आवाज करत नाही, असं मला वाटलं होतं.

मायने ही गंमत बांधीत सांगितली आणि झालं! दुसऱ्या दिवशी ट्रॉली दाराशी थांबली तर आधी चौकशी, "प्रणू वो, काल मी कशी लढली?" मी ओसरीवरून बातम्या द्यायची. सुमनच्या पायाला गोळी लागली. दुर्गीने एकटीने चौघांना अडवलं. दुर्गी म्हणाली, "चौघच? नीट मोज." रत्नमाला तीन दिवस लागोपाठ मेली तेव्हा ती खरोखर रुसली, आणि माय मला म्हणाली, "तिले जरा मांगं ठेव, बाप्पा. कामात लक्ष नाही लागून राहिलं तिचं."

मग झड लागली. दोन दिवस उघडीप नाही, बांध्या काठोकाठ भरल्या, रोवणं बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट होती आणि अकरा बाया डोक्यावर कट्ट्याची खोळ घेऊन आमच्या घरी आल्या, स्वतःला लढताना पाहायला. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मायने लाह्या आणि काळा चहा केला. मी खेळत होते आणि मागून अकरा जणी एकाच वेळी हुकूम सोडत होत्या. "दुर्गे, झाडामांगं हो!" "अवो, कांताकडं गोळ्याच नाही!" "मार त्याले, मार, मार!" आणि सुमनने खिडकीतला शत्रूचा माणूस टिपला तेव्हा जी आरोळी उठली, ती हायवेवर ऐकू गेली असणार. त्याच आरोळीत बाबा दारात उभे राहिले. शाळा लवकर सुटली होती. छत्रीतून पाणी गळत होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तिथे माणसं पडलेली होती. मग वर तसबिरीकडे पाहिलं.

बाया एकेक करून मागच्या दाराने गेल्या. बाबा ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत. विहारात वंदना तेच घ्यायचे, आणि त्याच आवाजात त्यांनी मला विचारलं, "प्रणाली, पयलं शील कोनतं?"

"प्राणीहत्या करणार नाही."

"आपन ते रोज म्हनतो. इथंच उभं राहून म्हनतो. अन त्याच जागेवर तू मानसं मारून राहिली, अन घरभर बाया टाळ्या वाजवून राहिल्या."

"बाबा, ते खरे नाहीत."

"टाळ्या तं खऱ्या होत्या ना?"

  बाबांनी माऊसची वायर काढली, गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून माऊस शाळेत नेऊन ड्रॉवरमध्ये ठेवला.  आणि नेमकं त्याच आठवड्यात मेश्राम सरांनी सामना ठरवला. त्यांचा पुतण्या विकी नागपूरला इंजिनीअरिंगला होता, सुट्टीत आला होता. दोन मशीन वायरने जोडायची, माणूस विरुद्ध माणूस. क्लासमधल्या सगळ्या पोरांना त्याने वीस-वीस मिनिटांत गुंडाळलं होतं, आणि शेवटी सरांनी त्याला माझं नाव सांगितलं होतं.

मायनेच बाबांजवळ विषय काढला. मी आतून ऐकत होते.

"बंद कराचं तं करा," माय म्हणाली. "मी नाही म्हनत नाही. पन तुमी ते दारातून पाहिलं. एक डाव बसून पाहा, मंग तुमी म्हनसान तसं."

"त्यात पाहाचं काय, शकुन?"

"ते मले सांगता नाही येत. म्हनून तं पाहा म्हनतो."

 मग बाबा म्हणाले, "बजाराच्या दिवशी येतो. एक डाव."

बाजाराच्या दिवशी रोवणी संपत आली होती, बायांना अर्धी सुट्टी होती. मी क्लासमध्ये पोचले तर जिन्यावर चपलांचा ढीग. अख्खी टोळी वर. कोणाच्या पिशवीत वांगी, कोणाच्या पिशवीत वास्ते, बांबूचे कोवळे कोंब, आणि सर बिचारे खुर्च्या कुठून आणाव्यात या काळजीत. इंदू सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी. बाबा दारातच, छत्री हातात. विकीने वळून ही गर्दी पाहिली आणि म्हणाला, "ये सब तुम्हारे साथ है क्या?" मी म्हटलं, "या माझ्या पलटणीत आहेत." त्याला ती गंमत वाटली.

सुरू करण्याआधी मी सरांच्या मशीनवरही बायांची नावं टाकून घेतली. माझ्याकडे गाव आणि नदीवरचा पूल. चाळीस मिनिटं पूल राखायचा. त्याच्याकडे दुप्पट माणसं आणि दोन रणगाडे. पहिल्या दहा मिनिटांत तो पाण्यासारखा आला. माझं डोकं असं स्वच्छ चाललं होतं, की पुसलेल्या फळ्यावर एकेक आकडा दिसावा. त्याचा पहिला रणगाडा मी गल्लीत येऊ दिला आणि रत्नमालाने मागून उडवला. रत्नमाला, खरी, हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, "पाहा!" विकी आपल्या माणसांना धाववतच होता. ते दमत होते, लोळण घेत होते, तो पुन्हा उठवत होता. मी माझ्या घाबरलेल्या माणसांना मागे घेऊन भिंतीआड बसवत होते आणि ताजी पुढे आणत होते.  मागे उभ्या मायचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

आठ मिनिटं उरली तेव्हा पुलापलीकडच्या घरातून एक किंकाळी आली. त्या गेममध्ये जखमी माणूस ओरडायचा. मी क्लिक केलं. इंदू. पायाला लागलं होतं, उठता येत नव्हतं, आणि रक्त चाललं होतं. पुलावर माझी मोजून नऊ माणसं उरली होती. दोघांना तिकडे पाठवलं तर पूल जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. तशा वेळी माणूस सोडून द्यायचा असतो. सगळी पोरं तेच करत, मीही दोन-तीनदा केलेलं होतं. किंकाळी पुन्हा आली.  खरी इंदू मागे भिंतीला टेकून उभी आहे हे मला न वळता जाणवत होतं.

"प्रणू!" दारातून आवाज आला. एवढा मोठा, की मला तो ओळखूच आला नाही. "पाहून काय राहिली? तिले आन मांगं!"

बाबा होते. छत्री खाली पडली होती.

मी कौसल्या आणि सुमनला पाठवलं. आधी धुराचा गोळा टाकला, मग दोघी सरपटत. विकीला पुलावरची जागा रिकामी झालेली दिसली. तो ओरडलाच, "चलो चलो चलो!" आणि त्याने उरलेला रणगाडा रस्ता सोडून नदीकाठच्या शेतातून आडवा घातला, जवळच्या वाटेने. पडद्यावर ते शेत हिरवं, सपाट, सुंदर दिसत होतं.

"अवो माय," दुर्गी म्हणाली, "बांधीत गाडी घातली येड्यानं!"

आणि एका क्षणात सगळ्या हसायला लागल्या, कारण पुढे काय होणार ते त्या सगळ्यांना माहीत होतं आणि विकीला नव्हतं. रणगाडा हळू झाला. मग आणखी हळू. मग पट्टे नुसते फिरू लागले आणि तो तिथेच बसला, मागच्या माणसांची वाट अडवून. विकी क्लिक करतोय, क्लिक करतोय. इकडे धुरातून कौसल्या आणि सुमन इंदूला ओढत पुलावर आणत होत्या, आणि बाबा, माझे कधी आवाज न चढवणारे बाबा, दोन बायांच्या मधून वाट काढत माझ्या खुर्चीपर्यंत येऊन म्हणत होते, "अजून थोडं... अजून थोडं..." तिघी भिंतीआड आल्या. तीन मिनिटं. दोन. विकीची दमलेली माणसं पुलाच्या टोकाशी येऊन आडवी पडली आणि उठली नाहीत. घड्याळ शून्यावर आलं. पूल माझा होता.

तो गोंगाट मी वर्णन करणार नाही. खालचा कृषी केंद्रवाला वर पाहायला आला, एवढं सांगते. विकी भला पोरगा होता. खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "पर टँक फसला कैसे? पानी तो दिखा नहीं." माय त्याला समजावून सांगू लागली, "दिसत नाही म्हनून नसते का, बापू? काठाच्या बांधीत नेहमीच असते."

परतताना ऊन पडलं होतं. बाया पुढे, मोठमोठ्याने लढाई पुन्हा लढत. बाबा आमच्या मागे चार पावलांवर. माझ्या बाजूने इंदू चालत होती. तिने विचारलं, "प्रणू, मी त्यात मेलीच असती ना?"

"हो."

"तू तं जिंकून राहिली होती. मंग काहून धाडलं दोघीले?"

बाबा ओरडले म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. मी म्हटलं, "तू ओरडून राहिली होती ना."

 ती सरळ, काही विशेष न सांगितल्यासारखं म्हणाली, "मी तं सासरीबी ओरडली होती."

मागे बाबांच्या चपलांचा आवाज थांबला. ट्रक आला, गेला. आवाज पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांनी डब्याच्या पिशवीतून माऊस काढून टेबलावर ठेवला. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. युद्धाबद्दलचं त्यांचं मत शेवटपर्यंत तेच राहिलं, आणि आता माझंही तेच आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या बाजाराच्या दिवशी, घरी परततानाच, हायवेच्या कडेला पुढून दुर्गी मागे वळून ओरडली, "इंदे! चाल ना लवकर! का अजून गोळी लागून हाये पायाले?"

आणि इंदूने, जी हाक मारली तरी खाली पाहायची, मान वर केली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "लागली तं लागली! तुमी यालच ना आनाले!"